शेजारच्या घरातील दिवा

गावात एखादी नवी वस्तू आली म्हणजे ग्रामस्थ प्रथम माहितीपत्रक वाचीत नाही. तो शेजाऱ्याकडे पाहतो. विजेच्या तारा न पोहोचलेल्या वस्त्यांत सौरदिव्यांचा प्रसार होतो, तोही याच वाटेने.

या दृष्टीने बांगलादेशाचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे इडकॉल या शासकीय वित्तसंस्थेने २००३ साली घरगुती सौरसंचांची योजना हाती घेतली. ग्रामीण शक्तीसारख्या संस्थांनी खेडोपाडी शाखा उघडून हे संच हप्त्यांवर दिले. २०१८ पर्यंत ४० लाखांहून अधिक संच बसले आणि सुमारे २ कोटी लोकांच्या घरी उजेड पोहोचला.

या यशात सुलभ हप्त्यांचा वाटा मोठा होता. तथापि, हप्ता भरण्यास मन तयार व्हावे लागते आणि तेथे शेजार उपयोगी पडतो. छपरावरील पॅनेल येणाऱ्याजाणाऱ्यास दिसते. पण पावसाळी दिवसांत दिवा किती वेळ चालतो, रॉकेलचा खर्च किती वाचतो, बिघाड झाल्यास कारागीर केव्हा येतो, हे वापरणाराच सांगू शकतो. विक्रेत्याला माल खपवावयाचा असतो; शेजाऱ्याला तसा स्वार्थ नसतो, म्हणून त्याच्या शब्दास वजन येते. काही बाजारांत तर एक दुकानदार संच घेई व शेजारच्या दुकानांना भाड्याने दिवे देई. ज्यांची ऐपत नव्हती, त्यांनाही त्यामुळे अनुभव घेता आला.

मात्र हीच वाट उलटही चालते. बॅटरीत वेळेवर डिस्टिल्ड पाणी घातले नाही, तर ती लवकर निकामी होते आणि एका घरातील विझलेला दिवा दहा घरांचा विश्वास घालवतो. शेजाऱ्यास संच फुकट मिळाला, की आपण पैसे का मोजावेत, असा प्रश्न उभा राहतो. बांगलादेशात २०१३ नंतर एकीकडे विजेच्या तारा गावोगाव पोहोचू लागल्या, दुसरीकडे मोफत संचांचे वाटप झाले. परिणामी हप्त्यांवरील संचांची मागणी ओसरली आणि वसुलीही अवघड झाली.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. दुर्गम वाडीत संच देताना अधिकाऱ्यांनी वाटपाच्या आकड्याइतकेच दुरुस्तीच्या व्यवस्थेकडे लक्ष द्यावे. बॅटरीची निगा कशी राखावी, हे शिक्षकांनी मुलांना प्रत्यक्ष दाखवावे. ज्यांच्या घरी संच आहे, त्या ग्रामस्थांनी त्याचे गुण आणि उणिवा शेजाऱ्यांना मोकळेपणाने सांगाव्यात. वर्षानुवर्षे नीट जळणारा एक दिवा शेजारच्या दहा घरांना जे पटवून देतो, ते शंभर पत्रकांना साधत नाही.