क्लॅरिनेट : एका बंद नळीचे संगीत

पुण्याच्या गणेशोत्सवातील मिरवणुकीत प्रभात बँडसारखा एखादा ब्रास बँड वाजू लागला, की ट्रंपेटच्या कल्लोळातही एक गोड, किंचित पोकळ वाटणारा आवाज वेगळा ओळखू येतो. तो काळ्या, सरळ नळीच्या क्लॅरिनेटचा आवाज. हेच वाद्य अमेरिकेतील जॅझ संगीतातही गाजले. १९३५ साली बेनी गुडमन या क्लॅरिनेटवादकाने फक्त तीन वादकांच्या संचात ध्वनिमुद्रिका काढल्या. त्या आजही आवडीने ऐकल्या जातात. इतक्या थोड्या वाद्यांत संगीत भरलेले कसे वाटते? या प्रश्नाचे निम्मे उत्तर पदार्थविज्ञानात आहे.

बासरीएवढी लांबी, पण आवाज खालचा

ऑर्केस्ट्रातील बासरी आणि क्लॅरिनेट यांची लांबी जवळजवळ सारखीच, सुमारे ६० सेंटिमीटर असते. तरीही क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा सूर बासरीपेक्षा जवळजवळ एक सप्तक खाली जातो. असे का व्हावे?

बासरी दोन्ही टोकांना उघडी असते. उघड्या टोकाशी हवेला मोकळेपणी मागेपुढे हलता येते. अशा नळीत ध्वनितरंगाचा अर्धा भाग बसतो, म्हणजे तरंगलांबी नळीच्या दुप्पट असते. क्लॅरिनेटच्या तोंडाशी मात्र बोरूसारख्या वनस्पतीची पातळ पट्टी, म्हणजे रीड, बसवलेली असते. फुंकताना ती कंप पावते आणि हवेच्या वाटेची अगदी बारीक फट उघडझाप करते. त्यामुळे ते टोक बंद असल्यासारखेच वागते. एका टोकाला बंद असलेल्या नळीत तरंगाचा फक्त पाव भाग बसतो, म्हणून तरंगलांबी नळीच्या चौपट होते.

आता हिशेब करून पाहू. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला आणि नळी ०.६ मीटरची घेतली, तर तरंगलांबी २.४ मीटर येते. ३४५ ला २.४ ने भागले, की सेकंदाला सुमारे १४४ कंपने मिळतात. नेहमीच्या क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा सूर १४७ कंपनांचा असतो. इतक्या साध्या हिशेबाने आपण खऱ्या उत्तराच्या किती जवळ पोचलो!

सनई वरच्या ‘सा’वर, क्लॅरिनेट ‘प’वर

कोणतेही वाद्य एकच शुद्ध कंपन काढत नाही. मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूरही उमटत असतात. त्यांना संनादी सूर म्हणतात. त्यांचे प्रमाण बदलले, की आवाजाची जात बदलते. बंद नळीत मात्र तरंगाचे एक, तीन, पाच असे विषम पाव भागच बसू शकतात. म्हणून क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांत १४७ बरोबर ४४१ आणि ७३५ कंपने जोरदार असतात, पण २९४ कंपने फार क्षीण असतात. त्या पोकळ गोडव्याचे कारण हेच.

सनईलाही पत्ती असते, मग तिचा आवाज इतका वेगळा का? कारण सनईची नळी तोंडाकडून टोकाकडे रुंद होत जाते. अशा शंकूच्या आकाराच्या नळीत सम आणि विषम असे सगळेच संनादी सूर उमटतात. सॅक्सोफोनचेही तसेच आहे. म्हणून सनई किंवा सॅक्सोफोन पुढच्या पट्टीत गेला, की दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकातला ‘सा’ लागतो. क्लॅरिनेटच्या मागील बाजूची अंगठ्याची कळ दाबली, की एकदम तिप्पट कंपने होतात आणि ‘सा’च्या जागी वरच्या सप्तकातला ‘प’ लागतो! त्यामुळे दोन पट्ट्यांत बोटांच्या जागा वेगवेगळ्या लक्षात ठेवाव्या लागतात. पण त्याबदली वादकाला खालचा गंभीर आणि वरचा धारदार असे जणू दोन आवाज एकाच वाद्यात मिळतात.

तीन मिनिटांची तबकडी

जुलै १९३५ मध्ये न्यूयॉर्कला गुडमनबरोबर पियानोवर टेडी विल्सन आणि ड्रमवर जीन क्रुपा होते. खर्जाचे वेगळे वाद्य नव्हते. ते काम विल्सनचा डावा हात करी. ऑगस्ट १९३६ मध्ये लायोनेल हॅम्प्टन व्हायब्राफोन घेऊन आला आणि तिघांचे चौघे झाले. व्हायब्राफोनच्या धातूच्या प्रत्येक पट्टीखाली एक नळी टांगलेली असते. तिचे तोंड उघडे व बूड बंद असते. ४४० कंपनांच्या पट्टीखालची नळी किती लांब हवी? पाव तरंगलांबी, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर. क्लॅरिनेटचाच नियम येथेही कामाला आला आहे.

त्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घेत आणि एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. म्हणजे अवघ्या २३४ फेऱ्यांत सारे संगीत बसवायचे. चुकलेला तुकडा कापून काढण्याची सोय नव्हती. चुकले की संपूर्ण बाजू पुन्हा वाजवावी लागे. मोठ्या बँडमध्ये बारा-चौदा वाद्यांचे सूर एकमेकांवर पडतात. येथे प्रत्येकाचा सूर सुटा ऐकू येई, त्यामुळे चूक लपवता येत नसे आणि कसबही लपत नसे. या तबकड्या ज्या शेलॅकच्या असत, ते शेलॅक लाखेपासून बनते, आणि पळस-कुसुमाच्या झाडांवरील किड्यांची ही लाख मोठ्या प्रमाणावर भारतातून जाई.

या संचाला आणखी एक महत्त्व आहे. गुडमन आणि क्रुपा गोरे होते, विल्सन आणि हॅम्प्टन कृष्णवर्णीय. त्या काळी अमेरिकेत अशा वादकांनी एका रंगमंचावर बसणे रूढीला मान्य नव्हते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ते शक्य होते, कारण तबकडीवर कातडीचा रंग उमटत नाही. १९३६ साली शिकागोत गुडमन, विल्सन आणि क्रुपा लोकांसमोर एकत्र वाजवू लागले. १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध कार्नेगी हॉलमध्ये चौघेही एका मंचावर होते.

जॅझ आपल्याकडेही आले. १९३५ साली लिऑन ॲबे या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. १९३९ पासून सुमारे दोन दशके तेथे मिकी कोरिया यांचा बँड होता. ते सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवीत. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेल्या गोव्याच्या वादकांनी हे संगीत हिंदी चित्रपटांतही नेले. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाची गाणी ऐकली, तर त्याचा ठसा लगेच जाणवेल.

करून पाहा

बॉलपेनची रिकामी सरळ नळी घ्या. खालचे टोक बोटाने घट्ट बंद करा आणि वरच्या काठावरून आडवी फुंकर मारा. सूर लक्षात ठेवा. आता बोट काढून पुन्हा फुंका. दुसरा सूर क्षीण असेल, म्हणून शांत खोलीत प्रयत्न करा. तो सुमारे एक सप्तक वर गेलेला आढळेल. नळी तीच, हवा तीच. बदलले ते फक्त एक टोक. वर्गात पेटी असेल, तर दोन्ही सूर तिच्यावर शोधा आणि त्यांत किती पट्ट्यांचे अंतर पडते, ते वहीत नोंदवा.