काचेवरचं टेकाड

जामसंड्यातल्या या चिरेबंदी घराची माडी बंद केली आहे. खिडक्या लावलेल्या, पंखाही बंद. हवा जराशी हलली तरी चाचणी फसते. आम्ही सगळे घामाने निथळतोय. एका टोकाला लाकडी चौकटीत दुर्बिणीसाठी घासलेला दीडशे मिलिमीटर व्यासाचा काचेचा आरसा उभा आहे, अजून मुलामा न चढवलेला. आठ फुटांवर बारीक फटीतून एलईडीचा उजेड, शेजारी स्क्रूवर सरकणारं दाढीचं ब्लेड. ब्लेडमागे डोळा लावून मामांची नववीतली भाची बसली आहे.

"काय दिसता गो?"

"मधी फुगवटो दिसता, मामानू."

"काच अजून गरम आसा. घाय करू नको."

आत्ताच सेरियम ऑक्साइडने घासलेली काच निवल्याशिवाय खरं बोलत नाही. मला पटावं म्हणून मामा पुण्याच्या 'आयुका' या खगोलसंस्थेच्या शिबिरात शिकलेली गंमत दाखवतात. काचेवर क्षणभर अंगठा टेकवतात आणि मला ब्लेडमागे बसवतात. उजळलेल्या तबकडीवर अंगठ्याएवढं टेकाड उभं आहे, एक अंग लख्ख, दुसरं सावलीत! बोटाच्या उबेने काच फुगली, ती अशी दिसते. बघता बघता टेकाड ओसरतं. फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोने १८५८ साली शोधलेली ही ब्लेडची युक्ती आजही इतकी तिखट आहे.

ऊब-थंडीने आरशाचा आकार असा बदलतो, म्हणूनच जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीचे बेरिलियमचे अठरा आरसे उणे २४० अंशांच्या आसपास गोठवून तपासले. थंडीत ते किती वाकतात ते मोजलं आणि तेवढी चूक आधीच उलटी घासून ठेवली. मला यातला धीर फार मोठा वाटतो.

हबल अंतराळ दुर्बिणीच्या वेळी हा धीर सुटला. २.४ मीटरचा आरसा अप्रतिम घासला, पण मोजणाऱ्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलेलं होतं. इतर चाचण्या दोष दाखवत होत्या, त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. १९९० मध्ये दुर्बीण वर गेली आणि चित्रं धूसर आली. दुरुस्तीला १९९३ उजाडलं.

भाची पुन्हा बसते. फुगवटा विरलाय, पण कडेला एक बारीक कडं उरलं आहे. ती वहीत आकडा लिहिते.

"आता घासूया?"

"नको. आधी रोंकीची जाळी लावून बघ. तीय ह्याच सांगता काय बघूया."

ती बारीक रेघांची जाळी शोधायला उठते.