दशांश चिन्हाचे स्थान आणि बाकीचा अर्थ

दशांश अपूर्णांकांच्या भागाकाराचा नियम विद्यार्थ्यांना लवकर पाठ होतो. भाजकातील दशांश चिन्ह काढावे, भाज्यातील चिन्ह तितकीच घरे उजवीकडे न्यावे आणि भाग द्यावा. नियम अचूक आहे. परंतु त्यामागील कारण न उमगल्यास उत्तर बरोबर येऊनही त्याचा अर्थ चुकतो.

लोधीखेडा-सौंसर परिसराला संत्र्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. समजा, १८.९ किलो संत्री प्रत्येकी २.२५ किलोच्या पिशव्यांत भरावयाची आहेत. भाजकात दशांश चिन्हापुढे दोन अंक आहेत. म्हणून दोन्ही संख्यांना १०० ने गुणावे. भाज्य १८९० आणि भाजक २२५ होतो. दोहोंना एकाच संख्येने गुणले अथवा भागले, तरी भागाकार बदलत नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’तही, शक्य असेल तेथे भाज्य-भाजकांना समान संख्येने संक्षिप्त करून भाग द्यावा, असे सांगितले आहे. तत्त्व एकच आहे.

आता मांडणी पाहू. १८९० मध्ये २२५ चा भाग ८ वेळा जातो. १८०० वजा करता बाकी ९० उरते. भाज्यातील पूर्णांक संपले, म्हणून भागाकारात ८ च्या पुढे दशांश चिन्ह द्यावे आणि बाकीवर शून्य घ्यावे. ९०० मध्ये २२५ चा भाग ४ वेळा जातो. भागाकार ८.४ आला. पडताळा : ८.४ × २.२५ = १८.९.

परंतु आठ पिशव्या भरल्यावर किती संत्री उरली, असे विचारताच हुशार विद्यार्थीही ‘९० किलो’ म्हणून जातो. मूळ संत्रीच १८.९ किलो असताना ९० किलो उरतील कशी? भागाकार तोच राहिला, पण बाकी शंभरपट झाली. तिला १०० ने भागले की खरे उत्तर ०.९ किलो मिळते. घरी जिला आपण ‘बाकी’ म्हणतो, तिलाच हिंदी पुस्तकात ‘शेषफल’ म्हणतात. नाव कोणतेही असो, ती कशाची बाकी आहे, हे विचारलेच पाहिजे.

दुसरी चूक शून्याची. ६.१२ रुपये सहा जणांत वाटताना ६ ला भाग देऊन १ आला. दशांश चिन्ह दिले. पुढचा १ खाली घेतला, पण त्यात ६ चा भाग जात नाही. तेथे ० लिहूनच २ खाली घ्यावा. उत्तर १.०२ येते. ते शून्य गाळले तर १.२ होते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला नसलेले अठरा पैसे येतात.

१ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होते. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर पैसे झाले आणि दशांश चिन्ह रोजच्या हिशेबात आले. सोय वाढली, तशी जबाबदारीही वाढली. कारण एक घर चुकले की रक्कम दसपट होते. म्हणून भागाकारापूर्वी अंदाज बांधण्याची सवय लावावी. १८ मध्ये २ चा भाग ९ वेळा जातो. मग उत्तर ८.४ असू शकेल, ८४ किंवा ०.८४ नव्हे. एवढा विचार ज्याने केला, त्याला हिशेबात सहसा कोणी फसवू शकणार नाही.