ऐकायचे कुठे आणि कोणासोबत?

हिमायतनगरात गाण्याची आवड असलेली माणसे कमी नाहीत. आठवडी बाजारातले चहाचे हॉटेल असो, शाळेची स्टाफरूम असो की लग्नघर, चार जण बसले की विषय निघतोच. कोणी रफीसाहेबांचे नाव घेतो, कोणी नुसरत फतेह अली खाँ यांचे, तरुण मुले ए. आर. रहमानचे. हैदराबाद जवळचे म्हणून वारसी ब्रदर्सच्या कव्वालीचाही विषय निघतो. पद्मश्री अजीज अहमद खाँ वारसी यांचे हे नातू. नावांची यादी लांबत जाते. पण "ऐकलंस कुठं?" असे विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच असते, "मोबाईलवर." आणि "कोणासोबत?" म्हटले की मुले हसून सांगतात, "अकेलेच सुनते, सर."

या "अकेलेच" शब्दावर आम्ही थांबलो. मुलांची आवड वाईट नाही. आम्हाला ठाऊक नसलेली किती तरी चांगली नावे तीच आणून देतात. पण ऐकण्याची एक तालीम असते आणि ती एकट्याने होत नाही. कुठे दाद द्यावी, कुठे गप्प बसावे, शेराचा दुसरा मिसरा येईपर्यंत कसे थांबावे, हे शेजारी बसलेला जाणकार शिकवतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. संगीताविषयी उलेमांमध्ये जुने मतभेद आहेत. हम्द-नातीपुरतीच थांबणारी घरे आपल्यात आहेत आणि कव्वाली, गझल ऐकणारीही आहेत. तो वाद इथे सोडवायचा नाही. ज्या घरात जे ऐकले जाते ते कसे ऐकले जावे, एवढाच आमचा प्रश्न आहे. आणि या प्रश्नाला आपल्या बुजुर्गांनी उत्तर देऊन ठेवले आहे. इमाम गझाली (निधन ११११) यांनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये समाअचे, म्हणजे ऐकण्याचे, आदाब सांगताना हजरत जुनैद बगदादी यांचे म्हणणे नोंदवले आहे. ऐकण्यासाठी तीन गोष्टी नीट असाव्यात : जमान, मकान आणि इख्वान. म्हणजे वेळ, जागा आणि सोबती. गाणारा कोण, हे या तिन्हींत नाही. आज आपण मात्र फक्त गाणाऱ्याचीच चर्चा करतो.

आधी वेळ पाहू. नमाजची वेळ, जेवणाची वेळ किंवा मन दुसरीकडे गुंतलेले असताना ऐकू नये, असा हा आदब. मोबाईलमुळे प्रत्येक वेळ गाण्याची झाली आहे. अभ्यास करताना, मोटारसायकल चालवताना, झोपताना कानात इयरफोन असतोच. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित ऐकण्याची मर्यादा सांगितली आहे. मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाजात आठवड्याला ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबल. आवाज जितका वाढेल तितके हे तास झपाट्याने कमी होतात. आईवडिलांनी एवढे तरी तपासावे, की मुलाच्या इयरफोनमधले गाणे शेजारी बसलेल्याला ऐकू येते का? येत असेल तर आवाज जास्त आहे.

रात्रभर चालणाऱ्या मैफली आता अवघड झाल्या आहेत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ही मुभा रात्री १२ पर्यंत वाढवू शकते. याबद्दल कुरकुर होते, पण आम्हाला हे ठीक वाटते. मगरीबनंतर सुरू होऊन दहाला संपणाऱ्या मैफलीला आई, बहीण, लहान मुले येऊ शकतात. पहाटे चारपर्यंत चालणाऱ्या मैफलीला ती कधीच येऊ शकली नाहीत.

आता जागा. मराठवाड्याला या बाबतीत मोठा वारसा आहे. हजरत निजामुद्दीन औलिया यांचे मुरीद हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब (निधन १३३७) दौलताबादेला आले आणि खुलताबादला दफन झाले. समाअची त्यांना एवढी आवड होती, की त्यांच्या मुरीदांच्या पद्धतीला 'बुऱ्हानी' असे नावच पडले. 'फवाइदुल फुआद' लिहिणारे शायर अमीर हसन सिज्जी हेही खुलताबादेतच विसावले आहेत. कंधारला हाजी सय्याह सरवर मगदूम यांचा दर्गा आहे. परभणीला सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतो. उरूस म्हटला की कव्वालीची बैठक, ही आपल्याकडची जुनी ओळख. पण आता अनेक गावांत संदलच्या मिरवणुकीपुढे डीजे असतो. तिथे ऐकणे उरत नाही, छातीत धडधड तेवढी होते. बैठकीचा खर्च डीजेवर गेला, की कव्वालाला बोलावणार कोण?

नांदेडमध्ये तर एक जागा अशी आहे, की आपल्यापैकी फार थोड्यांनी तिचा या अंगाने विचार केला असेल. सचखंड श्री हुजूर साहिब. तिथे होणारे कीर्तन म्हणजे रागात गायलेली बाणी. गुरू ग्रंथ साहिबमधील बाणी ३१ मुख्य रागांत मांडलेली आहे. त्यात आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे संत नामदेव यांची ६१ पदे आहेत, आणि चिश्ती सिलसिल्याचे बाबा शेख फरीद यांचेही कलाम आहे. गुरू नानकांसोबत रबाब वाजवणारे भाई मरदाना मुसलमान होते. डोके झाकून, चप्पल बाहेर ठेवून कोणीही तिथे बसू शकतो. आमच्या मुलांना आम्ही हे सांगितले तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, हम तो कितने बार नांदेड गये, ये मालूमच नहीं था." मुदखेडमार्गे रेल्वेने जाता येईल इतक्या जवळ बाबा फरीद यांचे कलाम गायले जाते, आणि आपण ते मोबाईलमध्ये शोधत बसतो.

थोडे दूर जायची तयारी असेल तर मिरज आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ हे किराना घराण्याचे मोठे गायक. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी प्रवासात असताना त्यांचे निधन झाले आणि त्यांना मिरजेला मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केले गेले. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या आठवणीसाठी संगीत सभा होते, आणि नामवंत कलाकार तिथे हजेरी लावणे हा मान समजतात. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी व गंगूबाई हनगल. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव याच साखळीतला. त्याच मिरजेत शिकलगार घराणी पिढ्यान् पिढ्या सतार आणि तंबोरे बनवतात. शस्त्रांना धार लावणारे हे कारागीर एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सहल काढायची तर मुलांना हे कारखाने दाखवावेत. भोपळ्यापासून तंबोरा होताना पाहिलेले मूल तंबोरा वेगळ्या कानाने ऐकते.

जागेचा प्रश्न मुलींसाठी जास्त खरा आहे. मुलगा दर्ग्यात, चौकात, मित्राच्या घरी बसून ऐकतो. मुलीला बसायला जागा नसते, म्हणून ती पांघरुणात मोबाईल घेऊन ऐकते. घरच्यांना वाटते, मुलगी घरात आहे, सुरक्षित आहे. पण ती काय ऐकते, त्यातले तिला काय आवडते, हे विचारणारे कोणी नसते. अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि घरंदाज बायकांना श्रोत्यांत बसायची वाट मोकळी झाली. शकीला बानो भोपाली यांनी कव्वालीच्या मंचावर स्त्रीला जागा मिळवून दिली. नांदेडच्या कुसुम सभागृहात किंवा लातूरच्या दयानंद सभागृहात चांगला कार्यक्रम असेल, तर सगळ्या घराने मिळून जावे. मुलगी अम्मी आणि खालासोबत बसली, तर अडचण कसली?

शेवटची गोष्ट सोबत्यांची. सोबती कसा असावा, याचे उत्तम उदाहरण म्हणजे अमीन सायानी. १९५२ मध्ये आकाशवाणीने फिल्मी गाण्यांवर बंधने आणली, तेव्हा लोक रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी ३ डिसेंबरला तिथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दर बुधवारी ती ऐकायला माणसे एका रेडिओभोवती जमत. श्रोते पत्रे पाठवत. आज झारखंडात असलेले झुमरी तलैया हे गाव तर फर्माइशीच्या पत्रांमुळेच देशभर माहीत झाले. मराठीत 'आपली आवड'साठी अशीच पत्रे जात. आपल्या आवडीचे गाणे लागले आणि पत्रातले आपले नाव घेतले गेले, की सगळ्या गल्लीला कळत असे.

अमीन सायानींची ती साधी हिंदुस्तानी कुठून आली? त्यांच्या वालिदा कुलसुम सायानी प्रौढ शिक्षणासाठी 'रहबर' हे पत्र नागरी, उर्दू आणि गुजराती लिप्यांत काढत. अमीन त्यांना त्या कामात मदत करत. सर्वांना समजेल असे बोलण्याची सवय त्यांना घरातून, आईच्या हाताखाली लागली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी ते गेले, तेव्हा अनेक घरांतल्या दादी-नानींना आपलाच माणूस गेल्यासारखे वाटले.

असा एका रेडिओभोवतीचा गोतावळा घरात पुन्हा उभा करता येईल. रविवारी इशानंतर अर्धा तास ठेवा. इयरफोन बाजूला, छोटा स्पीकर मध्ये. प्रत्येकाने एकच चीज ऐकवायची आणि तीन गोष्टी सांगायच्या : कोणी लिहिले, कोण गातो, आणि मला हे का आवडले. अवघड उर्दू शब्द असेल तर दादाजींना विचारायचा, मराठी शब्द असेल तर शाळेत जाणाऱ्या नातीला. मोठ्यांनी मुलांची गाणी हसण्यावारी नेऊ नयेत आणि मुलांनी मोठ्यांची मध्येच बंद करू नयेत.

या अर्ध्या तासात मुलांना काही नावे मोठ्यांनीच द्यायला हवीत, कारण मोबाईल ती आपणहून देणार नाही. बार्शीत जन्मलेले शाहीर अमर शेख, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, यांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजवल्या. उस्ताद अल्लादिया खाँ कोल्हापुरात राहिले आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याकडे शिकल्या. मराठवाड्याचे नाथराव नेरलकर यांनी आपल्या भागात शास्त्रीय गाणे शिकवण्यात आयुष्य घातले. ही आपल्याच मातीतली नावे आहेत. उर्दू आणि मराठी दोन्ही येणाऱ्या आपल्या घरांना ही दोन्ही दालने उघडी आहेत. असा दुहेरी लाभ फार थोड्यांना मिळतो.

वाचक बंधु-भगिनींनो, आपल्या गावात नीट बसून, सहकुटुंब ऐकता येईल अशी कोणती जागा आहे? उरुसाच्या समितीत आपण असाल, तर यंदा डीजेच्या पैशात मगरीब ते दहा अशी एक बैठक आणि बायकांसाठी समोरची वेगळी जागा, एवढे करून पाहा. आणि आज रात्री मुलाला किंवा मुलीला एवढेच म्हणा, "बेटा, क्या सुन रहे? हमें भी सुनाओ."