नव्या टाकीतले मासे का मरतात?

मत्स्यालयाची काचेची टाकी घरी आणली, नळाच्या पाण्याने भरली आणि त्याच संध्याकाळी आठ-दहा मासे सोडले. पाणी कसे आरशासारखे स्वच्छ! पण दुसरा आठवडा उजाडतो तो एक मासा पाण्यावर उलटा तरंगताना दिसतो. मागोमाग दुसरा. मग घरात चर्चा सुरू होते. खाणे कमी पडले, की दुकानदाराने आजारी मासे दिले? बहुतेक वेळा हे दोन्ही तर्क चुकतात. तुम्हीही टाकी मांडण्याच्या बेतात असाल, तर खरे कारण आधी समजून घ्या.

मासा शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ पदार्थ मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. उरलेले खाणे कुजले की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, विरळ होतो. तुमच्या टाकीतून तो कुठे जाणार? तो साचतो आणि कल्ल्यांना इजा करतो. पाण्याचा रंग मात्र बदलत नाही, म्हणून आपल्याला पत्ताच लागत नाही.

सुदैवाने अमोनियावर जगणारे जिवाणू निसर्गात आहेत. नायट्रोसोमोनास हे त्यांपैकी एक. ते अमोनियाचे नायट्राइट करतात. पण नायट्राइटही विषारीच! ते रक्तात शिरले की हिमोग्लोबिनचे रूप बदलते, रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. पुढचे काम नायट्रोस्पिरासारखे जिवाणू करतात. ते नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि नायट्रेट त्या मानाने बरेच निरुपद्रवी असते. मातीतील अशा जिवाणूंचा छडा सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास लावला होता. वाळूत, खडीत आणि गाळणीच्या स्पंजावर त्यांचीच वस्ती व्हावी लागते.

अडचण एवढीच, की हे जिवाणू फार सावकाश वाढतात. दुधाचे दही एका रात्रीत लागते. यांची संख्या नुसती दुप्पट व्हायलाच एखादा दिवस किंवा अधिकही लागतो. टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे धरून चाला. तोवर मासे सोडूच नका. पंप आणि गाळणी चालू ठेवून रोज चिमूटभर माशांचे खाणे पाण्यात टाका. ते कुजून जिवाणूंची भूक भागेल. रिकाम्या टाकीला खाऊ घालताना घरचे हसतील, हसू द्या! एखाद्या मित्राची निरोगी माशांची जुनी टाकी असेल, तर तिच्यातील मूठभर खडी मागून आणा. हेच तुमचे विरजण. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे संच मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतात. दोन्ही शून्यावर आले, की दोन-तीन गप्पी मासे सोडायला हरकत नाही.

आता मांडणीविषयी थोडे. ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच टाकीत ५४ लिटर पाणी मावते, म्हणजे पाण्याचेच वजन ५४ किलो! डगमगते टेबल चालणार नाही. खडी घालण्यापूर्वी तिच्यावर लिंबाचा रस पिळून पाहा. बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी आहे. ती पाणी जड करील. समुद्रकाठच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तीही नको. नदीतील काळ्या दगडाची बारीक खडी उत्तम. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंना आणि माशांना दोघांनाही घातक असतो. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवले, की तो बराचसा उडून जातो.

उन्हाळ्यात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडताना दिसतील. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. अशा वेळी पंप बंद ठेवू नका आणि खाणे कमी करा.

नायट्रेट मात्र टाकीत साचतच राहते. त्यासाठी दर आठवड्याला पाव टाकी पाणी काढून तेवढेच क्लोरीन उडालेले पाणी भरा. सगळे पाणी एकदम बदलू नका. गाळणीचा स्पंज नळाखाली धुतलात, तर क्लोरीनने जिवाणूंची वस्ती मरते आणि महिन्याभराची मेहनत वाया जाते. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळा. थोडा काळपट राहिला तरी चालेल.