कमी गुणांचा अर्थ : जीमॅट परीक्षेच्या निमित्ताने

नोकरी सांभाळून व्यवस्थापनशास्त्राच्या उच्च शिक्षणाची तयारी करणारे आपले अनेक माजी विद्यार्थी जीमॅट ही प्रवेशपरीक्षा देतात. डॉलरमध्ये आकारले जाणारे शुल्क पगारातून बाजूला काढून, रात्री जागून ते अभ्यास करतात. आणि परीक्षा संपताच संगणकाच्या पडद्यावर सरावापेक्षा कितीतरी कमी गुण दिसतात. शाळेत सदैव पहिल्या क्रमांकांत राहिलेल्या विद्यार्थ्याला तो आकडा म्हणजे स्वतःच्या योग्यतेवरचा निकाल वाटू लागतो. म्हणून तो आकडा कसा तयार होतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

शालान्त परीक्षेत सर्वांना एकच प्रश्नपत्रिका असते. जीमॅटमध्ये तसे नसते. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न साधारणतः अधिक कठीण येतो, चुकले की तुलनेने सोपा. गुण ठरवताना बरोबर उत्तरांच्या संख्येबरोबर प्रश्नांचे काठिण्यही विचारात घेतले जाते. त्यामुळे चांगली तयारी असलेल्यालाही बरेच प्रश्न अडवतात. ‘पेपर सोपा गेला’ किंवा ‘अवघड गेला’ या भावनेवरून येथे गुणांचा अंदाज बांधता येत नाही.

परीक्षेचे तीन विभाग असतात. गणिताचे 21, भाषेचे 23 आणि माहिती-विश्लेषणाचे 20 प्रश्न. प्रत्येक विभागाला 45 मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दोन मिनिटे. एकाच प्रश्नाशी सहा मिनिटे झुंजत राहिल्यास शेवटचे प्रश्न घाईत चुकतात वा सुटून जातात, आणि सोडलेल्या प्रश्नांमुळेही गुण घटतात. अशा वेळी उणीव ज्ञानाची नसून वेळेच्या नियोजनाची असते.

कधी तुलनाच चुकीची असते. जुन्या जीमॅटची मापनपट्टी 200 ते 800 होती. 2023 अखेरीस आलेल्या नव्या परीक्षेची 205 ते 805 आहे. दोन्ही सारख्या दिसल्या तरी सारख्या नाहीत. नव्या परीक्षेतील 645 हे गुण क्रमवारीच्या दृष्टीने जुन्या 700 च्या जवळपास आहेत. ज्येष्ठांनी मार्गदर्शन करताना हा फरक ध्यानात ठेवावा.

मग करावे काय? निकालाच्या दिवशी कोणताही निर्णय घेऊ नये. चार दिवसांनी विभागवार गुण तपासावेत आणि घट ज्ञानामुळे, वेळेमुळे की थकव्यामुळे झाली, हे लिहून काढावे. पुढील सराव परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्याच सराव चाचण्यांवर, घड्याळ लावून करावा. परीक्षा 16 दिवसांनंतर पुन्हा देता येते. बारा महिन्यांत पाच वेळा संधी मिळते. कोणते गुण कोणत्या संस्थेस पाठवायचे, हेही परीक्षार्थीच ठरवतो. मात्र कारण न शोधता घाईने पुन्हा बसणे म्हणजे शुल्क वाया घालवणे होय. शिवाय प्रवेश देताना शैक्षणिक कामगिरी, कामाचा अनुभव, निबंध आणि मुलाखत यांचाही विचार होतो.

पालकांना एक विनंती. आपल्यापैकी बहुतेक घरांत अशी परीक्षा देणारे हे पहिलेच मूल असते. घरी विचारावे असे कोणी नसते. तेव्हा ‘किती मिळाले?’ याऐवजी ‘जेवलास का?’ हा प्रश्न आधी विचारावा. आणि माजी विद्यार्थ्यांनी आपले मोठे गुण सांगतात तितक्याच मोकळेपणाने पहिल्या प्रयत्नातले कमी गुणही धाकट्यांना सांगावेत.