कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांचा आहार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलाला कॅन्सर झाल्याचे कळताच चहूकडून सल्ले येतात. साखर तोडा, दूध नको, अंडे नको. सांगणाऱ्यांना मुलाची काळजीच असते, पण त्यापायी मूल अर्धपोटी राहते. कुपोषित मुलाला केमोथेरपी सोसत नाही, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि पुढचा डोस लांबतो. म्हणून पुरेसे खाणे हा उपचाराचाच भाग आहे.

गैरसमज : साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो.
वस्तुस्थिती : शरीरातल्या सगळ्याच पेशी ग्लुकोज वापरतात. साखर बंद केल्याने गाठ उपाशी राहत नाही. खाणे अपुरे पडले तर शरीर स्नायू झिजवून ग्लुकोज तयार करते आणि मूल खंगते. स्टेरॉइडमुळे रक्तातली साखर वाढली असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील तसे गोड कमी करावे.

गैरसमज : दूध, अंडी, मटण बाधते.
वस्तुस्थिती : झीज भरून यायला प्रथिने लागतात. दूध उकळलेले, अंडे आतपर्यंत शिजलेले असावे. शाकाहारी घरात डाळ, पनीर, शेंगदाण्याचे कूट आहेच. मऊ खिचडीवर चमचाभर तूप घातले, की थोड्या घासांतही जास्त ऊर्जा मिळते.

गैरसमज : बाहेरचा ताजा रस आणि कच्ची कोशिंबीर यांनी ताकद येते.
वस्तुस्थिती : केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा न शिजवलेल्या अन्नातले जंतू महागात पडतात. घरचे ताजे, गरम जेवण द्यावे. केळे, मोसंबी अशी सालीची फळे धुऊन, सोलून लगेच द्यावीत.

गैरसमज : वजन ठीक आहे, म्हणजे पोषणही ठीक.
वस्तुस्थिती : मोठी गाठ किंवा अंगावरची सूज काट्यावर वजन म्हणूनच दिसते. त्यामुळे दंडाचा घेरही मोजतात.

गैरसमज : काढा, टॉनिक यांनी अपाय होत नाही.
वस्तुस्थिती : गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. फॉलिक आम्लाच्या गोळ्यांमुळे मेथोट्रेक्सेट या औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नये.

गैरसमज : नाकातून नळी घातली, म्हणजे आशा संपली.
वस्तुस्थिती : तोंड आल्यामुळे गिळवत नसेल, तेव्हा नळीने पोषण चालू राहते. खाता येऊ लागले की ती काढतात.

कोणताही पदार्थ कॅन्सर बरा करत नाही. पण भरल्या अंगाचे मूल औषधांचा मारा जास्त चांगला सोसते. मुंबईची कडल्स फाउंडेशन कॅन्सर रुग्णालयांत मुलांच्या पोषणासाठी आहारतज्ज्ञ पुरवते. उपचार सुरू होतानाच आहारतज्ज्ञांची भेट मागून घ्या. मूल दिवसभरात काय आणि किती खाते हे लिहून ठेवा आणि ती वही प्रत्येक तपासणीला सोबत न्या.